मिरकाबच्या तिसऱ्या मजल्यावरची अमेरिका

त्या माणसाचा विषय निघाला की माझी बायको उठून स्वयंपाकघरात जाते, कारण माझा आवाज चढतो. चढणारच. आठ आठवडे, दर शुक्रवारी आणि शनिवारी, मी कुवेतमध्ये फिंतासहून पार मिरकाबपर्यंत गाडी हाकली, मुलीला त्यांच्या तिसऱ्या मजल्यावर पोचवलं, दोन तास तिथेच कुठेतरी काढले आणि तिला परत आणलं. लिफ्ट बंद. शेवटी शेवटी बाहेर नुसती भट्टी. आणि एवढं करून गाडीत विचारावं की आज काय झालं क्लासमध्ये, तर लेक म्हणायची, "नथिंग मच, बाबा. वी वोटेड ऑन द एसी."

एसी चालू ठेवायचा की बंद करायचा यावर मतदान. त्यात पाऊण तास गेलेला.

त्यांच्या क्लासमध्ये पाच मुलं होती. तिघं गालिच्यावर बसायची, ते खालचं सभागृह. दोघं खुर्च्यांवर, ती सिनेट. खिडकी उघडायची असो की पाच मिनिटं आधी सुटायचं असो, त्याचा ठराव लिहायचा, दोन्ही सभागृहांत मंजूर करायचा आणि मग सरांपुढे, म्हणजे राष्ट्राध्यक्षांपुढे, ठेवायचा. सर चष्मा लावून तो वाचायचे आणि बहुतेक वेळा नामंजूर म्हणून परत करायचे. मग मुलं दोन तृतीयांश मतं जमवायला धडपडायची. मी दाराबाहेर जिन्यात बसून हे ऐकायचो आणि कपाळाला हात लावायचो. परीक्षा मे महिन्यात, आणि इथे खिडकीवर चर्चा चालली आहे.

विषय होता अमेरिकेची राज्यव्यवस्था आणि राजकारण. बाप नाशिकचा, मुलगी वाढली कुवेतमध्ये, आणि तिनं पाठ काय करायचं, तर तिकडचा सिनेटर किती वर्षांसाठी निवडून येतो. पण शाळा अमेरिकन अभ्यासक्रमाची, आणि बारावीला हा विषय सुटल्याशिवाय डिप्लोमा मिळत नाही. डिप्लोमा नाही तर अमेरिकेतल्या युनिव्हर्सिटीनं देऊ केलेली जागा गेली. पहिल्या सत्रात ती या विषयात नापास झाली होती. कॅल्क्युलसमध्ये पहिली, फिजिक्समध्ये दुसरी आणि यात नापास. आता शेवटच्या पेपरला भरघोस मार्क पडले तरच वर्ष वाचणार होतं. उजळणी करून घेणारं कोणीतरी हवं होतं, आणि बायकोनं कुणाकुणाला विचारून हे सर शोधून काढले.

सर रत्नागिरीच्या किनाऱ्यावरचे. कोकणी मुसलमान, साठी उलटलेली, अंगानं काटकुळे. पांढरा हाफ शर्ट, खिशाला चार पेनं, त्यातलं एकही चालायचं नाही. बायको-मुलं गावाला, इथे एकटेच. शुक्रवारची नमाज झाली की क्लास सुरू. घरात शिरल्यावर पहिली दिसायची ती पुस्तकं, आणि तेही एकच पुस्तक. अमेरिकेच्या राज्यव्यवस्थेचं तेच ते शाळेचं पाठ्यपुस्तक, वीस-पंचवीस वर्षांच्या सगळ्या आवृत्त्या, प्रत्येकीच्या पाच-सहा प्रती. भिंतीला लागून रांगा. टेबलाच्या एका पायाखाली दोन. चहाचे पेलेसुद्धा पुस्तकांच्या थप्पीवरच.

शिकवायचे मराठीत. मुलं उत्तर द्यायची इंग्रजीत. मी पहिल्याच दिवशी नम्रपणे सुचवलं की पेपर इंग्रजीत आहे, तर शिकवणंही इंग्रजीत झालं तर बरं. ते म्हणाले, "इंग्लिशमध्ये पाठ होतं, साहेब. मराठीत कळतं." झालं.

दुसऱ्या आठवड्यात मी ऑफिसच्या प्रिंटरवर सराव प्रश्नांची चारशे पानं काढली, स्पायरल बांधून घेतली आणि त्यांना नेऊन दिली. म्हटलं, सर, यातून घ्या, म्हणजे वेळ वाचेल. त्यांनी दोन्ही हातांनी ती घेतली, आभार मानले, चाळलीसुद्धा. पुढच्या शुक्रवारी पाहतो तर ती टेबल फॅनखाली. फॅनचा वारा म्हणे मुलांच्या डोक्यावरून जात होता, आता तोंडावर येतो.

त्यांचा एक प्रश्न होता, त्यानं माझ्या डोक्याला सगळ्यात जास्त ताप दिला. काहीही सांगा, ते शांतपणे विचारायचे, "बरं. आणि अडवणार कोण?" राष्ट्राध्यक्षानं सैन्य पाठवलं, अडवणार कोण? कोर्टानं कायदा मोडीत काढला, अडवणार कोण? इथपर्यंत ठीक आहे, अभ्यासाचा भाग आहे. पण मी फोनवर सांगतोय की सर, आज आम्ही पाचपर्यंत पोचतो, आणि पलीकडून प्रश्न, आणि अडवणार कोण? फहाहील रोडवरचा ट्रॅफिक अडवणार, दुसरं कोण. तर म्हणाले, "मग तसं सांगा. पाचला पोचतो म्हणू नका, ट्रॅफिकनं सोडलं तर पोचतो म्हणा."

एकदा मला जिन्यातून आत बोलावून चहा दिला. मी पेट्रोकेमिकल प्लांटमध्ये इन्स्ट्रुमेंटेशनला आहे. बोलता बोलता मी म्हटलं, सर, हे सगळं एकमेकांचे पाय ओढणं आहे, आमच्या प्लांटमध्ये असं चालत नाही, एक माणूस ठरवतो म्हणून प्लांट चालतो. त्यांनी विचारलं, आणि दाब फार वाढला तर? म्हटलं, सेफ्टी व्हॉल्व्ह उघडतो. त्याला कोण सांगतं? म्हटलं, कोणी नाही, तो आपला आपण उघडतो, तसाच तो बनवलेला असतो. मॅनेजरनं उघडू नको म्हटलं तर? म्हटलं, तो मॅनेजरला विचारतच नाही. सर मुलांकडे वळले आणि म्हणाले, "लिहा." पाचही मुलांनी वह्या उघडल्या. मी आपला चहाचा पेला धरून उदाहरण होऊन बसलो.

खोटं कशाला बोलू, एक गोष्ट मला आवडली होती. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाची निवडणूक थेट लोकांच्या मतांवर होत नाही, प्रत्येक राज्याला ठरावीक मतं असतात, ही भानगड माझ्या डोक्यात कधी शिरली नव्हती. सरांनी ती लग्नाच्या पंगतीवर सांगितली. मोठ्या घराला जास्त पानं, लहान घराला कमी, पण कितीही लहान घर असलं तरी तीन पानं मांडायचीच. आणि घरात भांडणं असोत, ज्याच्या बाजूला जास्त माणसं तो घराची सगळी पानं घेऊन जातो. एकदोन घरं सोडली तर सगळीकडे हाच रिवाज. लेकीनं घरी आल्यावर आईला हे चपात्या मांडून दाखवलं. पण एवढ्याला दोन तास लागले होते, आणि अजून कोर्टाचा एक शब्द झाला नव्हता. मी पुन्हा वैतागलो.

मग चौथ्या आठवड्यात कळलं की हे शिक्षकच नव्हते. खाली पार्किंगमध्ये दुसऱ्या एका मुलाच्या वडिलांनी सहज सांगितलं. एका अमेरिकन शाळेत ते पुस्तकांच्या गोदामात स्टोअरकीपर होते. नवी आवृत्ती आली की जुनी रद्दीत जायची, ती हे घरी आणायचे आणि वाचायचे. मी तसाच तीन जिने चढून गेलो. घाम पुसत विचारलं, सर, तुम्ही शाळेत शिकवायचात ना? म्हणाले, नाय, स्टोअर बघायचो. अमेरिकेत कधी गेला होतात? नाय. मग हे आम्हाला आधी सांगायचं नाही का?

"तुम्ही विचारलं नाय," ते म्हणाले.

त्याच दिवशी क्लास बंद करणार होतो. बायको आडवी आली. म्हणाली, ती वही उघडते आहे हे तुला दिसत नाही का? वर्षभर त्या विषयाची वही उघडली नव्हती तिनं. मी गप्प बसलो. गप्प बसायला माझ्याकडे कारण होतं, आणि ते आता सांगून टाकतो, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही.

आमच्या वेळी नागरिकशास्त्र म्हणजे इतिहासाच्या पुस्तकाला मागून चिकटवलेली थोडीशी पानं. परीक्षेच्या आदल्या दिवशी वाचायची, नागरिकांची पाच कर्तव्ये विचारली की सात लिहायची आणि मोकळं व्हायचं. नागरिकशास्त्रात नापास झालेला माणूस माझ्या पाहण्यात नाही. तर ऑक्टोबरमध्ये शाळेचा मेल आला की बारावीची मुलं सहा आठवडे शाळा सुटल्यावर काँग्रेस, म्हणजे अमेरिकेची संसद, भरवणार आहेत. प्रत्येकाला एक राज्य मिळणार, प्रत्येकानं कायदा लिहायचा, भाषण करायचं, मतं मिळवायची. मला वाटलं, गॅदरिंग. त्याच वेळेला तिचा कॅल्क्युलसचा क्लास होता. मी ऑफिसमधून, दोन मीटिंगच्या मध्ये, उत्तर पाठवलं की माझ्या मुलीला यात भाग घेण्याची इच्छा नाही, कृपया तिला वगळावं. शाळेनं वगळलं. त्याऐवजी एक मोठा निबंध लिहून द्या म्हणाले. तो तिनं लिहिला नाही. का लिहिला नाही हे मी विचारलं नाही, ओरडलो मात्र भरपूर. आणि रिपोर्ट कार्ड आल्यावर समजलं की पहिल्या सत्राचे निम्मे मार्क त्या काँग्रेसला होते. बायको म्हणाली, टीचरच धड नसणार. मी म्हटलं, हं.

त्या मेलबद्दल मी घरात ताकास तूर लागू दिली नव्हती. आधी राहून गेलं, आणि नंतर सांगायची सोय राहिली नाही.

परीक्षेला दोन आठवडे उरले तेव्हा सरांनी नवीनच खूळ काढलं. सुनावणी. त्यांचं म्हणणं असं की काँग्रेसचं खरं काम कायदे करणं नव्हे, माणसाला समोर बसवून प्रश्न विचारणं. प्रत्येक मुलानं एक साक्षीदार बोलवायचा. साक्षीदारानं मोबाइल स्टीलच्या डब्यात टाकायचा, प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसायचं, खरं बोलेन असं म्हणायचं आणि विचारलं तेवढ्याचंच उत्तर द्यायचं. प्रश्न मराठीतच. आणि मुलं साक्षीदाराला अहोजाहो करणार, मग तो कोणी का असेना.

पहिल्या मुलानं बिल्डिंगच्या हारिसला, म्हणजे राखणदाराला बोलावलं. तो बिचारा बांगलादेशी, त्याच्यासाठी मराठीचा नियम मोडून हिंदी चालवून घ्यायचा ठराव दोन्ही सभागृहांत मंजूर झाला. लिफ्ट कधीपासून बंद आहे, मालकाला कधी कळवलंत, कोणाला कळवलंत, काय उत्तर आलं. हारिसनं सगळं सांगितलं. मुलांनी ते लिहून काढलं, सरांनी कागद मालकाकडे पाठवला, आणि तीन दिवसांत लिफ्ट सुरू झाली. सर जणू ती लिफ्ट अमेरिकेच्या राज्यघटनेनंच वर ओढली असं जो येईल त्याला सांगत होते. मी म्हटलं चला, निदान जिने वाचले.

पुढच्या शनिवारी साक्षीदार बोलवायची पाळी माझ्या मुलीची. मी दार लोटून आत आलो, तिला घेऊन जायला, तर सर म्हणाले, बसा साहेब, तुमचंच नाव आहे. मी हसलो. वाटलं, परीक्षेपायी मी तिचा मोबाइल काढून घेतला होता, त्याचं प्रकरण असणार. माझा मोबाइल डब्यात टाकला, खुर्चीवर बसलो, खरं बोलेन म्हणालो. लेक समोर गालिच्यावर, मांडीवर वही. तिचं मराठी अडखळत येतं, पण प्रश्न तिनं लिहून आणले होते.

आधी नाव विचारलं. म्हटलं, अगं, तुला माहीत नाही का? सर म्हणाले, फक्त उत्तर. नाव सांगितलं. मग नोकरी. सांगितली, वर थोडं प्लांटबद्दलही सांगायला लागलो, सरांनी हात वर केला. मग तिनं वहीतून मान वर केली.

"गेल्या ऑक्टोबरमध्ये तुम्ही माझ्या शाळेला मेल पाठवला होता का?"

आयुष्यात पहिल्यांदा ती मला तुम्ही म्हणत होती. बाकीची चार मुलं पेनं सरसावून बसलेली. मी सरांकडे पाहिलं, ते खिडकीबाहेर बघत होते. मग मला सुचलं. तिची उजळणी घेता घेता मीही थोडं शिकलो होतो. म्हटलं, पाचवी घटनादुरुस्ती. स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला मला कोणी भाग पाडू शकत नाही. मुलं हसली, एकानं टाळीसुद्धा वाजवली. ती हसली नाही.

सर माझ्याकडे वळले. "ते शिक्षेची भीती असणाऱ्यासाठी हाय, साहेब. कमिटी शिक्षा देत नाय. ती फक्त लिहून ठेवते."

असा संताप आला मला त्या माणसाचा. गोदामातला स्टोअरकीपर, माझ्या पोरीसमोर मला कायदा शिकवतो. उठून जावं असं वाटलं. पण समोर ती बसली होती, पेन कागदावर टेकवून, आणि उत्तराची वाट बघत होती. मला दिसलं की ही बराच काळ वाट बघते आहे.

"हो," मी म्हटलं. "पाठवला होता."

"त्यात काय लिहिलं होतं?"

"की तुला भाग घ्यायची इच्छा नाही."

"मी तसं म्हटलं होतं?"

"नाही."

"तुम्ही मला विचारलं होतं?"

"नाही."

तिनं ते लिहिलं. एक-एक अक्षर काढून, देवनागरीत, कारण सरांचा तोही हट्ट होता. मग म्हणाली, माझे प्रश्न संपले. सर म्हणाले, साक्षीदारानं उतरावं, आणि मुलांना इतिवृत्त उतरवून काढायला लावलं. माझी फजिती पाच वह्यांत पाच वेळा. मी डब्यातून मोबाइल उचलला आणि खाली गेलो. लिफ्ट चालू होती, तरी जिन्यानं गेलो.

गाडीत तिनं बेल्ट लावला आणि बाहेर बघत बसली. सालमिया आलं. मग मी विचारलं की तुला कधी कळलं. ती म्हणाली, त्याच दिवशी. शाळेचं उत्तर मलाही आलं होतं, कॉपीला मी होते. म्हटलं, मग तू बोलली का नाहीस? तेव्हा तिनं मराठीतच सांगितलं, बहुधा दुपारभर मराठी बोलून जीभ वळली होती म्हणून.

"मला वाटलं, तू जेवताना सांगशील. मग वाटलं, शनिवारी सांगशील. मला टेक्सास मिळालं होतं, बाबा. मी बिल लिहून ठेवलं होतं."

मी इंडिकेटर लावला आणि गाडी कडेला घेतली. मागून दोन-तीन हॉर्न वाजले. सॉरी म्हणालो. बापानं मुलीला सॉरी म्हणायची आमच्याकडे पद्धत नाही, आणि म्हणूनच की काय ते नीट आलंही नाही. ती म्हणाली, ओके. आणि थोड्या वेळानं, चल ना, गाड्या थांबल्यात.

त्या रात्री तिच्या आईला सगळं मीच सांगितलं. आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, ते वेगळं.

पेपर झाला. ती पास झाली, वर्ष वाचलं, डिप्लोमा पक्का झाला. मार्क असे काही ढगात नव्हते, पण हवे होते त्यापेक्षा जास्त होते. मी मिठाई म्हणून बकलाव्याचा मोठा डबा घेऊन मिरकाबला गेलो. म्हटलं, काही झालं तरी माणसानं काम केलं आहे. सरांनी मार्क विचारलेच नाहीत. कोणते प्रश्न आले होते ते विचारलं, आणि एका प्रश्नाची भाषा ढिली आहे म्हणून दहा मिनिटं पेपर काढणाऱ्याला धारेवर धरलं. मी निघालो तेव्हा दारापर्यंत आले. म्हणाले, "साहेब, तुम्ही साक्षीदार चांगले नाय. फार वळणं घेता. पण शेवटी खोटं नाय बोललात." कौतुक म्हणावं की काय म्हणावं, मला अजून ठरवता आलेलं नाही. गेल्या वर्षी ते कायमचे गावी गेले. पुस्तकं म्हणे बोटीनं पाठवली, सगळीच्या सगळी.

पण मला त्यांनी खरं छळलं ते त्या परीक्षेनंतरच्या जूनमध्ये. युनिव्हर्सिटीचा शेवटचा फॉर्म भरायचा होता. पहिल्या अर्जात विषयाच्या रकान्यात मी केमिकल इंजिनीअरिंग टाकलं होतं. अर्थातच मी. आता तो बदलायची शेवटची संधी होती. लॅपटॉपवर फॉर्म उघडला, रकान्यात केमिकल दिसत होतं, नुसतं सबमिट दाबायचं होतं. दोन सेकंदांचं काम. माझं बोट पुढे सरकेना. मी ते पुसलं आणि लेकीला हाक मारली. विचारलं, इथे काय लिहू?

तिनं आधी स्क्रीनकडे बघितलं, मग माझ्याकडे. म्हणाली, आय नीड टाइम.

चार दिवस घेतले तिनं. चार दिवस तो रिकामा रकाना माझ्यासमोर. मुदत जवळ येत होती, आणि ही बाई निवांत कानात इयरफोन घालून बाल्कनीत बसलेली. त्या चार दिवसांत मिरकाबच्या त्या माणसाला मी मनात जेवढ्या शिव्या घातल्या तेवढ्या आयुष्यात कुणाला घातल्या नसतील. प्लांटवर लक्ष लागेना, घरी जेवण जाईना. तीनदा तिच्या दारापर्यंत जाऊन परत आलो. बायको म्हणाली, विचार ना एकदा तिला. म्हटलं, विचारलंय. आता ती सांगेल.

पाचव्या दिवशी मी ऑफिसमधून आलो, बूट काढत होतो, तर ती हॉलमध्ये आली. इयरफोन काढून हातात घेतले आणि समोरच्या खुर्चीकडे बोट दाखवलं.

"बाबा, बस," ती म्हणाली. "मध्ये बोलायचं नाही."

मी एक बूट पायात तसाच ठेवून बसलो.